शिबिर संपल्यावर परत कोण जातं?

जून संपत आला की परभणीतल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक ठरलेला फोटो दिसतो. मंचावर पाच-सहा जण, मागे बॅनर, मावळत्या अध्यक्षाच्या गळ्यातली कॉलर नव्या अध्यक्षाच्या गळ्यात. खाली बातमी: अमुक क्लबचा पदग्रहण सोहळा उत्साहात. रोटरी आणि लायन्स, दोघांचंही वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्यामुळे हा पदग्रहणाचा हंगाम असतो. बातमीच्या शेवटी नव्या वर्षाचे संकल्प असतात. रक्तदान, मोतीबिंदू तपासणी, वृक्षारोपण, शाळेला बेंच, मुलींना सायकली, दिव्यांगांना जयपूर फूट.

आपल्यापैकी बहुतेक जण ही बातमी न वाचताच पान उलटतात. मीही उलटायचो. ही डॉक्टर, व्यापारी, सीए मंडळींची हौस आहे, हॉटेलात जेवायचं आणि एकमेकांचा सत्कार करायचा, असं माझं मत होतं. ते मत अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं चुकीचं का होतं आणि त्या चुकीची किंमत आपण कशी मोजतो, हे या संपादकीयात सांगायचं आहे.

सुरुवात घरापासून करतो.

दादीचा डावा डोळा

2009 मध्ये मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तांदूळ निवडता येईना, तसबीहचे मणी फक्त बोटांना कळायचे. तेव्हा एका सेवा-क्लबने आमच्या भागातल्या शाळेत शिबिर लावलं. तपासणी झाली, दंडावर पट्टी चिकटवली, आणि दोन दिवसांनी पहाटे सहाला गाडीने सगळ्यांना दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. शस्त्रक्रिया, भिंग, जेवण, येणं-जाणं, सगळं मोफत. उजवा डोळा झाला. पट्टी काढल्यावर दादीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू तो काला पड गया रे!" दोन वर्षांनी तिने माझा चेहरा पाहिला होता. घरात सगळे हसले, अम्मी मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

डावा डोळा काही महिन्यांनी करू, असं कार्डावर लिहून दिलं होतं. पुढच्या वर्षी त्या कार्डावरच्या नंबरला मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "माझी टर्म संपली बेटा. यादी आता नव्या टीमकडे असेल." नव्या टीमने सांगितलं, यादी जुन्या टीमकडे आहे, आणि यंदा आमचा भर झाडं लावण्यावर आहे. तिसरा फोन मी केला नाही. जिल्हा रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया मोफत होते, हे आम्हाला माहीत होतं. पण कधी रमजान, कधी लग्न, कधी माझी परीक्षा. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत चार वर्षं गेली. 2013 मध्ये दादी गेली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात पांढरा पडदा तसाच होता.

इथे एका क्लबला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या क्लबने उजवा डोळा दिला, त्याचे उपकार आमचं घर विसरलेलं नाही. आमचाही आळस होताच. पण आज सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काम केल्यावर मला दिसतं की शिबिरात शंभर गोष्टी नीट झाल्या आणि एकच राहिली: ज्यांचं काम अर्धवट राहिलं त्यांची यादी एका हातातून दुसऱ्या हातात गेलीच नाही. घोडं तिथेच पेंड खातं.

शिंपी, कोळशाचा व्यापारी आणि एक स्वच्छतागृह

या क्लबांचा इतिहास आपल्याला फारसा माहीत नसतो, म्हणून थोडक्यात. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना बोलावलं. एक खाणकामातला इंजिनीअर, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपीकाम करणारा दुकानदार. चौघे वेगवेगळ्या धंद्यांतले. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. सुरुवातीचा हेतू सेवेचा नव्हताच. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसांना मैत्री हवी होती आणि धंद्यात एकमेकांची मदत हवी होती. सेवा दोन वर्षांनी आली. 1907 मध्ये त्यांनी हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचं. बाजाराला आलेल्या बायाबापड्यांना जायला जागा नव्हती, म्हणून. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या बाजारात दिवसभर थांबणाऱ्या बाईला विचारा, हे काम किती मोठं आहे ते ती सांगेल.

लायन्सची सुरुवात 1917 मध्ये, तीही शिकागोतच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने. 1925 मध्ये हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात आल्या आणि अंधत्वाविरुद्धची लढाई तुम्ही लढा, असं आवाहन त्यांनी केलं. तेव्हापासून लायन्स म्हटलं की डोळ्यांचं शिबिर हे समीकरण झालं. भारतात रोटरी कोलकात्यात 1919 मध्ये आणि मुंबईत 1929 मध्ये आली, लायन्स 1956 मध्ये मुंबईत आलं. तिथून ही मंडळी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली.

त्यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष एका वर्षासाठी. कितीही मोठा माणूस असो, 30 जूनला खुर्ची सोडायची. सचिव इतिवृत्त लिहितो, खजिनदार हिशोब देतो. रोटरी फाउंडेशनच्या निधीची सुरुवात 1917 मध्ये झाली, तेव्हा आलेली पहिली देणगी होती 26 डॉलर 50 सेंट. आज त्याच फाउंडेशनकडून मोठं अनुदान हवं असेल तर प्रकल्प किमान 30 हजार डॉलरचा असावा लागतो, दुसऱ्या देशातला क्लब भागीदार लागतो, आणि गावाला खरंच काय हवं आहे याची पाहणी आधी करून द्यावी लागते. मनात आलं आणि वाटलं, असं तिथे चालत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या किती कमिट्यांचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो? किती ठिकाणी खजिनदाराची वही कोणीही मागून पाहू शकतो? नावं घेण्याची गरज नाही, प्रत्येकाने आपापल्या गल्लीचा विचार करावा.

पण दर वर्षी अध्यक्ष बदलण्याच्या याच चांगल्या पद्धतीत दादीचा डावा डोळा हरवला. नवा अध्यक्ष आला की नवा संकल्प, नवं बॅनर. मागच्या वर्षीचं काम हे मागच्या अध्यक्षाचं काम. नव्याचे नऊ दिवस असं आपण म्हणतो, इथे ते बारा महिने असतात, एवढाच फरक. ज्या गावांनी यावर उपाय शोधला, तिथे शिबिराचं रूपांतर संस्थेत झालं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला लायन्सच्या नावाचं नेत्ररुग्णालय उभं आहे. अध्यक्ष येतात-जातात, पण रुग्णालयाचा दरवाजा तिथेच असतो. रुग्णाला परत कुठे यायचं हे माहीत असतं.

दारावरचं खडूचं चिन्ह

सेवा-क्लब, सरकार आणि मुस्लिम मोहल्ला हे तिघे एकत्र आले की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या लहानपणातलं आहे. पोलिओ.

रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि देशोदेशीची सरकारं यात आली. भारतात 1995 मध्ये पल्स पोलिओ देशभर सुरू झाला. रविवारी बूथ, दोन थेंब, करंगळीवर शाई. एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे 17 कोटी मुलांना डोस दिला जायचा. तरी उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आजार हटेना. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांत डोस नाकारणारी घरं होती. या थेंबांनी मुलं पुढे नापुंसक होतील, ही अफवा होती. अफवेच्या मागे खरी तक्रारही होती: आमच्या गल्लीत गटार नाही, दवाखाना नाही, शाळा नाही, आणि तुम्ही फक्त दोन थेंब घेऊन पुन्हा पुन्हा येता, ते का?

यावर पैसा अपुरा पडला. जाहिरातही अपुरी पडली. रोटरीने उत्तर प्रदेशात उलेमांची समिती उभी केली. मशिदींतून आवाहन झालं, इमामांनी स्वतःच्या घरातल्या मुलांना लोकांसमोर डोस दिला. अलीगढ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या विद्यापीठांतली माणसं वस्त्यांत गेली. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघरी फिरू लागल्या, कारण पडद्याआडच्या आईशी तासभर बोलायला बाहेरचा डॉक्टर उपयोगाचा नव्हता.

यातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट म्हणजे दारावरचं खडूचं चिन्ह. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला, त्या दारावर 'पी'. ज्या घरात मूल झोपलेलं आहे, मामाकडे गेलं आहे, आईने नाही म्हटलं आहे किंवा घराला कुलूप आहे, त्या दारावर 'एक्स'. संध्याकाळी 'पी' घरांची बेरीज करून टाळ्या वाजवणं सोपं होतं. पण कार्यक्रमाचा जीव 'एक्स' घरांत होता. त्यांची यादी व्हायची, दुसऱ्या दिवशी त्या घरी परत जायचं, का नाही म्हणाले ते विचारायचं, कोणाचं ऐकतील ते शोधायचं, आणि त्या माणसाला सोबत घेऊन पुन्हा जायचं.

आकडे पाहा. भारतात पोलिओचे रुग्ण 2009 मध्ये 741, 2010 मध्ये 42, आणि 2011 मध्ये एक. शेवटची रुग्ण पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी, तारीख 13 जानेवारी 2011. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला.

या यशात एकट्या रोटरीचं श्रेय नाही, एकट्या सरकारचं नाही आणि एकट्या उलेमांचंही नाही. क्लबकडे पैसा आणि चिकाटी होती, सरकारकडे लस आणि यंत्रणा होती, मोहल्ल्याकडे विश्वास होता. तिघांना जोडणारी गोष्ट होती राहिलेल्या घरांची यादी. आमच्या दादीच्या दारावर कोणीतरी खडूने 'एक्स' काढायला हवा होता.

आपल्या घरचा हिशोब

आता आपल्याकडे वळू, कारण दुसऱ्याच्या पद्धतीवर बोट ठेवताना आपली पाटीही कोरी आहे का ते पाहायला हवं.

देण्यात आपण मागे नाही. घरात तंगी असली तरी फित्रा निघतो, जकात निघते, दारावर आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. मे 2020 मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून 36 लाख रुपये जमवले आणि तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. त्याच्या लोकार्पणाला मुख्यमंत्री ऑनलाइन हजर होते. तो विभाग सगळ्यांसाठी होता, त्यात रुग्णाचा धर्म विचारायचा प्रश्नच नव्हता. हे यंत्रमागाच्या गावाने केलं, जिथे टाळेबंदीत माग बंद पडले होते.

म्हणजे पैसा निघतो, मनही आहे. कमी पडतं ते पुढचं. माझाच अनुभव सांगतो. 2019 मध्ये आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी चंदा जमवायचा होता. मी पुण्यात नोकरीला, कंप्युटरवाला, म्हणून सगळ्यांनी हिशोब माझ्याकडे दिला. काही रोख, काही माझ्या खात्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर नावं आणि आकडे येत गेले. शस्त्रक्रिया झाली, मूल आज शाळेत जातं. थोडे पैसे उरले. ते दुसऱ्या एका बाईच्या औषधांना दिले. सहा महिन्यांनी एका चाचांनी सहज विचारलं, "बेटा, कितना जमा हुआ था टोटल?" मला सांगता येईना. मधल्या काळात फोन बदलला होता, चॅट गेलं होतं. जो माणूस दिवसभर ऑफिसात कोडच्या प्रत्येक ओळीचा इतिहास जपतो, त्याने गल्लीच्या पैशाची साधी एक्सेल शीटही ठेवली नव्हती.

कोणी मला चोर म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झालो असतो. झालं एवढंच की पुढच्या वेळी चंदा मागितला तेव्हा लोकांनी हात आखडता घेतला. ज्याच्यासाठी मागितला होता त्या माणसाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच, असं काही आठवडे चाललं. माझ्या ढिलाईची किंमत मी मोजली नाही, त्याने मोजली.

आणि लिहून ठेवणं ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची 282 वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका, हे सांगणारी आहे. जकात कोणाला द्यायची याची जी आठ कारणं सूरह तौबामध्ये आहेत, त्यांत जकात गोळा करणाऱ्या आणि तिचा कारभार पाहणाऱ्यांचाही हिस्सा आहे. म्हणजे व्यवस्था सांभाळणं हेही कामच आहे आणि त्याला मोल आहे. तरी आपण "अल्लाह के वास्ते है, हिसाब क्या पूछना" असं म्हणतो. खरं तर अल्लाहसाठी आहे, म्हणूनच तर विचारायचं.

दार उघडं आहे, पण बोलावणं नाही

मग या क्लबांत आपण का नाही? परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, 2011 च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार लोकसंख्या. शिबिराच्या रांगेत आपले लोक भरपूर दिसतात. रक्तदानाच्या खाटेवरही दिसतात. पण ज्या बैठकीत शिबिर कुठे लावायचं, कोणत्या तारखेला लावायचं, पत्रक कोणत्या भाषेत छापायचं हे ठरतं, तिथे आपले चेहरे मोजकेच असतात. त्यामुळे शिबिर नेमकं जुम्याच्या दुपारी ठेवलं जातं, किंवा बायकांची तपासणी करायला बाई डॉक्टर नसते. यात बहुतेक वेळा द्वेष नसतो. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला ते सुचत नाही, इतकंच.

काही अडचणी क्लबांच्या बाजूच्या आहेत, त्या स्पष्ट बोलायला हव्यात. वार्षिक वर्गणी गॅरेजवाल्याला किंवा शिक्षणसेवकाला परवडणारी नसते. बैठकीची भाषा अर्धी इंग्रजी. सदस्य ओळखीतून होतो, आणि ओळखी आपापल्या आळीतल्याच असतात. स्त्रियांना तर लायन्सने 1987 मध्ये आणि रोटरीने 1989 मध्ये कुठे सदस्यत्व दिलं, तेही रोटरीच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर. म्हणजे ही दारं आपोआप उघडत नाहीत, कोणीतरी ढकलावी लागतात. क्लबच्या मंडळींनी आठवावं की त्यांच्या पहिल्या चौघांत एक शिंपी होता. प्रत्येक धंद्यातला माणूस हवा, हे त्यांचं जुनं तत्त्व. मग परभणीच्या वेल्डरला, शिलाई करणाऱ्या बाईला, मदरशातल्या शिक्षकाला त्या टेबलावर जागा का नसावी?

काही अडचणी आपल्या बाजूच्या आहेत. रोटरी म्हणजे छुपी फ्रीमेसन संघटना, असा एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. असा संशय फक्त मुसलमानांत नव्हता. 1951 मध्ये व्हॅटिकननेही कॅथलिक धर्मगुरूंना रोटरीचे सदस्य व्हायला मनाई केली होती, आणि 1979 मध्ये रोमला भरलेल्या रोटरीच्या अधिवेशनात खुद्द पोप बोलले. पाकिस्तान, बांगलादेश, तुर्कस्तान, इजिप्त, सगळीकडे रोटरी क्लब आहेत. ज्याला शंका असेल त्याने बैठकीला जाऊन बसावं, डोळ्यांनी पाहावं आणि मग ठरवावं. दुसरी अडचण जास्त खोल आहे: "तिकडे आपल्याला कोण विचारतो?" ही भावना. ती अनुभवातून आली आहे, तिला खोटं म्हणता येणार नाही. पण ती पुढच्या पिढीला वारशात देण्यासारखीही नाही.

मग करायचं काय?

चार गोष्टी सुचवतो. चारही अशा आहेत की त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पहिली, मोहल्ल्याची वही. एका गल्लीत शंभर घरं धरा. दोन मुलं आणि दोन मुली दोन रविवार फिरल्या तर यादी होते: कोणाला मोतीबिंदू आहे, कोणाचा एक डोळा झाला आणि एक राहिला, कोणाला श्रवणयंत्र हवं, कोणाचं दिव्यांग प्रमाणपत्र अडकलं आहे, कोणती मुलगी बससाठी पैसे नाहीत म्हणून अकरावीला गेली नाही. फक्त नाव, वय, गरज, आणि शेवटी एक रकाना: काम पूर्ण झालं की नाही. ही माहिती लोकांची खासगी आहे, ती ग्रुपवर फिरवायची नाही, विचारून घ्यायची आणि जपून ठेवायची. अशी यादी हातात घेऊन कोणत्याही क्लबच्या अध्यक्षाकडे गेलात तर तो तुम्हाला परत पाठवणार नाही. गरजांची पाहणी त्यालाही लागते, आणि ती करायला त्याच्याकडे माणसं नसतात.

दुसरी, रक्ताचं कॅलेंडर. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, ईद-ए-मिलाद, नेत्यांचे वाढदिवस, या दिवशी शिबिरांची गर्दी होते. पण लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स पाचच दिवस. त्यामुळे एका दिवशी दोनशे बाटल्या आणि मे महिन्यात नातेवाइकांची धावपळ, असं होतं. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला सणवार नसतो. पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्तदान करू शकते. साठ रक्तदाते तीन गटांत वाटले आणि गटवार तारखा रक्तपेढीला विचारून ठरवल्या, तर वर्षभर पुरवठा चालू राहतो. याला अ‍ॅप लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार मुलगी पुरते.

तिसरी, हिशोब भिंतीवर. चंदा कोणत्याही कामाचा असो, किती आला, किती गेला, किती उरला, हे एका कागदावर लिहून जुम्याला मशिदीच्या बाहेर लावा. देणाऱ्याला नाव नको असेल तर नाव लिहू नका, पावती क्रमांक लिहा. जकातीचा पैसा आणि इमदादचा पैसा वेगळा ठेवा, दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्या. काम सतत चालणारं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात रीतसर नोंदणी करा. आणि खजिनदार दर वर्षी बदला. यादी आणि वही मात्र बदलायची नाही, ती जुन्याने नव्याच्या हातात दोन साक्षीदारांसमोर द्यायची.

चौथी, बैठकीत बसा. रोटरीची तरुणांची शाखा, रोटरॅक्ट, 1968 पासून आहे, वयाची अट 18 पूर्ण. लायन्सचे लिओ क्लब त्याहून जुने आहेत. कृषी विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे जावं. 'मुस्लिम प्रतिनिधी' म्हणून जाऊ नका. काम करणारा माणूस म्हणून जा. पहिले सहा महिने खुर्च्या मांडा, नोंदी ठेवा. मग एक दिवस तुम्हीच विचाराल की शिबिर जुम्याच्या दुपारी का, आणि तारीख बदलेल. आपल्या शहरात फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथे कोण कोणत्या धर्माचा आहे हे कोणी विचारत नाही, सगळे शेजारी शेजारी उभे असतात. रांगेत जे जमतं ते बैठकीतही जमायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, आरोग्य आणि शिक्षण हे सरकारचं काम, क्लबांच्या आणि चंद्याच्या ठिगळांनी काय होणार? बरोबर आहे. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर असावेत, औषधं असावीत, यासाठी भांडायलाच हवं. पण ते भांडण नुसत्या घोषणेने जिंकता येत नाही. "आमच्या वस्तीत मोतीबिंदूचे एकतीस रुग्ण सहा महिने थांबले आहेत, ही घ्या यादी," असं म्हणणाऱ्याला अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. वही सेवेलाही लागते आणि हक्कालाही.

मागच्या वेळी पनवेल-नांदेड गाडीने घरी गेलो तेव्हा अम्मीच्या डोळ्यांपुढे धुकं येतं असं कळलं. या वेळी मी थांबलो नाही. उजवा डोळा झाला आहे, डाव्याची तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये आहे. पण माझ्याकडे पगार आहे आणि मला फोन करता येतो. आमच्या गल्लीत असे किती जण आहेत ज्यांच्यासाठी फोन करणारा कोणी नाही, हे मी अजून मोजलेलं नाही. या पावसाळ्यात ते काम सुरू करतो आहे.

तुम्हीही एक करा. या जुलैत वर्तमानपत्रात पदग्रहणाचा फोटो दिसला की पान उलटू नका. नव्या अध्यक्षांना फोन करा, अभिनंदन करा, आणि अदबीने विचारा: "सर, मागच्या वर्षीच्या शिबिरात ज्यांचं काम राहिलं होतं, त्यांची यादी कोणाकडे आहे? आम्ही त्यांच्या घरी जाऊन येतो."